फोर्डवाल्यांचा डार्वुड

"त्याला त्या शर्यतवाल्यांच्या सन्मानाच्या दालनात बसवलं ना, तर मी हा टीव्ही अंगणात नेऊन फोडीन," मिस्टर हॉइट म्हणाले आणि हातातल्या रिकाम्या बाटलीत थुंकले.

"टीव्ही तुझा कुठाय? तुझ्या पोरानं, डार्वुडनं आणलाय तो," क्लीटकाका म्हणाले. "आणि बसवलं तर म्हणजे? ठरलंय ते. डार्वुड पिकेटची गाडी, हेल्मेट, हातमोजे, सगळं काचेत ठेवणार. तू तिकीट काढून बघायला जाशील."

"माझ्या प्रेतालासुद्धा नेऊ नका तिकडे."

"अरे, एकोणीस शर्यती जिंकला डार्वुड पिकेट!"

"सात. आमच्या फोर्डमध्ये सात. बाकीच्या मी धरत नाही."

"तू धरत नाहीस म्हणून काय त्या झाल्याच नाहीत? लोकांनी काय स्वप्नात टाळ्या वाजवल्या?"

"चेव्हीवाल्यांनी वाजवल्या. म्हणजे स्वप्नातच."

मी ताटं उचलत होते. चर्चहून आल्यावरचं रविवारचं जेवण झालं होतं, कोंबडीची हाडं ताटांत गोळा झाली होती, आणि मिस्टर हॉइटनी नेहमीप्रमाणे शेवटचा घास गिळायच्या आत तंबाखूची चिमूट ओठात सारली होती. माझ्या जेवणाच्या टेबलावर, केळ्याच्या पुडिंगच्या भांड्याला लागून, ती तपकिरी बाटली. बाटली पारदर्शक असते, हे त्यांना कुणी सांगावं? तेहेतीस वर्षं मी सांगतेय. माझ्या सासूबाई, आयडेल, त्याच्याही आधी पंचवीस वर्षं सांगत होत्या. त्या गेल्या, बाटली राहिली.

मिस्टर हॉइट माझे सासरे, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे, आमच्याच घरात राहायचे. क्लीटकाका त्यांचे धाकटे भाऊ, विधुर, दर रविवारी आमच्याकडे जेवायला. ते चेव्ही, म्हणजे फोर्डच्या वैरी कंपनीची शेव्हरोले, चालवतात, म्हणून त्यांची गाडी आमच्या फाटकाच्या आत येत नाही. रस्त्याकडेच्या गवतावर उभी करून ते चालत येतात. पाऊस असला तरी. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मिस्टर हॉइटांच्या फोर्डलाही त्यांच्या अंगणात मज्जाव आहे. दोघं म्हातारे एकमेकांच्या दारात भिजत येतात आणि याला निष्ठा म्हणतात.

त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर माझा नवरा बसला होता. त्याचं नाव डार्वुड. वादात ते नाव क्लीटकाकांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येत होतं आणि प्रत्येक वेळी माझ्या नवऱ्याची मान जराशी वर व्हायची, मग परत ताटाकडे. लहानपणापासूनची सवय. घरात कुणीतरी आपलं नाव घेतलं असं आधी वाटतं, मग कळतं की आपलं नव्हे.

ते नाव त्याच ड्रायव्हरवरून ठेवलेलं होतं, आणि ठेवलं होतं मिस्टर हॉइटनीच.

त्या काळी डार्वुड पिकेट फोर्ड चालवायचा, आणि टर्की फोर्कच्या ट्रॅकवर त्याच्यापुढे कुणी टिकायचं नाही. मिस्टर हॉइट मोज्यांच्या गिरणीत मशीन दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पिकेटच्या लोकांना टायर उचलू लागायचे, फुकट. मुलगा झाल्याची बातमी त्यांना ट्रॅकवरच्या लाउडस्पीकरवरून कळली. ते तिसऱ्या वळणाच्या कठड्याशी उभे होते. शर्यत संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. संपल्यावर दवाखान्यात आले, तोंडावर रबराची काजळी तशीच, आणि म्हणाले, "डार्वुड. ठरलं." सासूबाईंना त्यांच्या वडिलांचं नाव ठेवायचं होतं, एझरा. त्यांना कुणी विचारलं नाही.

पुढची चार वर्षं मुलाचे फार लाड झाले. त्याच्या झग्यावर चौसष्ट नंबर शिवलेला, कारण पिकेटच्या गाडीच्या दारावर चौसष्ट होता. वाढदिवसाच्या केकवर फोर्ड. एका शर्यतीआधी मिस्टर हॉइट त्याला आतल्या बाजूला गाड्यांजवळ घेऊन गेले आणि पिकेटनं त्याला दोन्ही हातांनी बगलेत धरून उंच उचललं. कुणीतरी फोटो काढला. तो बैठकीच्या खोलीत लावला होता, येशूच्या चित्राशेजारी. जरा वरच, असं सासूबाई म्हणायच्या.

मग एका हिवाळ्यात रेडिओवर बातमी आली की पिकेटनं फोर्ड सोडली. पुढच्या मोसमापासून तो चेव्ही चालवणार.

मिस्टर हॉइटनी टोपी चुलीत घातली. जाकीट चुलीत घातलं. मग कात्री घेतली आणि फोटोतला पिकेट कापून काढला. पण त्याचे हात कापता आले नाहीत, कारण ते मुलाच्या बरगड्यांभोवती होते. हात कापायचे तर पोर कापावं लागलं असतं. तो फोटो सासूबाईंनी बायबलात दडवून ठेवला होता. माझं लग्न झाल्यावर एकदा त्यांनी मला दाखवला. हवेत लटकलेलं एक हसरं पोर आणि त्याला धरलेले दोन केसाळ हात, ज्यांच्यामागे माणूसच नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे बरं झालं असं मान. ते मुलाचं नाव बदलायला निघाले होते. मी म्हटलं, चर्चमध्ये पाणी घालून ठेवलेलं नाव आहे, ते बदललंत तर मी माहेरी जाईन."

नाव बदललं नाही. मिस्टर हॉइटनी ते घेणं सोडलं.

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या मुलाला नावानं हाक मारलेली नाही. "ए", "पोरा", "इकडे ये", आणि दुसऱ्यांशी बोलताना "हा", "आमचा मुलगा". शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली तेव्हा डार्वुड उठलाच नाही. त्याला वाटलं, कुणी ड्रायव्हर आलाय.

यात मला सगळ्यात घाण काय वाटतं सांगू? बाप वाईट नव्हता. त्यानं मुलावर कधी हात उगारला नाही. मासे पकडायला शिकवलं, गोवर आला तेव्हा रात्रभर उशाशी बसला, पहिली सायकल स्वतः जोडून दिली. सगळं केलं, नाव तेवढं घेतलं नाही. आणि गावाला ही गंमत वाटली. न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोलच्या पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर लोक ही गोष्ट एकमेकांना सांगायचे: "चाहता असावा तर हॉइट स्टॅमीसारखा! पोटच्या पोराचं नाव टाकेल, पण गद्दाराचं घेणार नाही!" पाठीवर थापा मारायचे. एकदा मोठ्या शर्यतीच्या आठवड्यात परगावची दोन जोडपी विचारत विचारत ओसरीवर आली, "तो मुलगा" बघायला. सासूबाईंनी त्यांना थंडगार गोड चहा दिला. अकरा वर्षांच्या डार्वुडला मध्ये उभा करून त्यांनी फोटो काढला. मिस्टर हॉइट बाजूला उभे राहून छाती काढून हसत होते. जाताना त्यातली एक बाई म्हणाली, "किती गोड गोष्ट आहे!"

म्हातारपणी पिकेट परत फोर्डमध्ये आला होता. दोन मोसम चालवली, मग निवृत्त झाला. तेव्हा क्लीटकाका म्हणाले होते, "आता तरी घे नाव. आला की तुझा पाहुणा घरी." मिस्टर हॉइट म्हणाले, "उष्टं ताट मी पुढ्यात घेत नाही." क्लीटकाकांनी हे वाक्य गावभर केलं.

माझा नवरा शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करतो. डोंगरातल्या रस्त्यांवर पोरं घेऊन जाणाऱ्या गाड्या. ब्रेक त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बाहेर पडत नाही. तिथल्या बायका-ड्रायव्हर सकाळी फाटकातूनच ओरडतात, "डार्वुड! माझी चार नंबरची कण्हतेय रे!" मी कधी डबा द्यायला गेले तर तिथं त्याचं नाव इतक्या वेळा ऐकू येतं की मी जरा वेळ उगाच रेंगाळते. तो वेगाचा माणूस नाही. शर्यतीच्या दिवशी तो मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत बसतो. मला मात्र शर्यत आवडते. मी इथलीच आहे. चाळीस गाड्या एकदम सुरू होतात तेव्हा तो आवाज कानात नाही, छातीच्या फासळ्यांत ऐकू येतो. त्या आवाजाबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याभोवती बसून जे बाप्ये स्वतःला थोर समजतात, त्यांच्याबद्दल आहे.

"एकदा तरी बोल त्यांना," असं मी नवऱ्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आलेय.

"सवय झाली, ओर्लीन," तो म्हणायचा.

सासूबाई गेल्या तेव्हा पेपरातली निधनवार्ता मिस्टर हॉइटनी तोंडी सांगितली. पेपरात आलं: मागे पती हॉइट, दीर क्लीट, नात मार्लिस, सून ओर्लीन आणि एक मुलगा. एक मुलगा. माझंसुद्धा नाव होतं! डार्वुडनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, पेपराची घडी घातली, आणि सुट्टीचा दिवस असून गॅरेजमध्ये निघून गेला. संध्याकाळी आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते. मी त्याला साबण दिला. मिस्टर हॉइटना मात्र त्या रात्री ताट वाढताना मी रस्सा त्यांच्या बोटांवर सांडला. चुकून नाही.

तर त्या रविवारी वाद पिकेटवरून नेहमीच्या जागी आला.

"आताच्या गाड्यांत राहिलंय काय?" मिस्टर हॉइट म्हणत होते. "सगळ्या एकाच साच्यातून काढतात. पुढच्या दिव्यांच्या जागी दिव्यांचं चित्र चिकटवतात. चित्र! आमच्या वेळी दुकानातून गाडी आणायची, मागची बाकं काढून टाकायची, की पळवायची."

"सगळ्या एका साच्यातल्या ना? मग फोर्ड-चेव्ही करून भांडतोस कशाला? चित्रांसाठी?"

क्लीटकाकांच्या या बोलण्यावर मी हसायचं नसताना हसले.

"ड्रायव्हर बघ आताचे," मिस्टर हॉइटनी मोर्चा वळवला. "जिंकला की साबणवाल्याचे आभार, बिस्किटवाल्याचे आभार, विमावाल्याचे आभार. बँकेतला कारकून बरा. आमचे ड्रायव्हर शर्यत संपली की एकमेकांची कॉलर धरायचे."

"आणि मरायचे, हॉइट. तेही सांग. भिंतीवर आपटून मरायचे. त्या साच्यातल्या गाड्यांत आता पोरं जिवंत बाहेर येतात."

मिस्टर हॉइट थुंकले. बाटली अर्धी भरली होती.

तेवढ्यात मार्लिस बोलली. आमची मुलगी. तिला नववा लागला होता. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर, म्हणून बाळंतपणाला आणि पुढे काही महिने ती आमच्याकडेच राहणार होती.

"मी नाव ठरवलंय," ती म्हणाली. "मुलगा आहे. डार्वुड ठेवणार."

क्लीटकाकांनी टेबलावर हात आपटला. चमचे उडाले. "शाब्बास, माझी वाघीण! ऐकलंस, हॉइट? तुझ्या घरात चेव्ही आली! दालनात एक डार्वुड आणि पाळण्यात एक!"

"पिकेटचं नाही," मार्लिस म्हणाली. "माझ्या बाबांचं."

"हां हां, तेच ते."

"तेच ते नाही, काका."

"अगं, तुझ्या बापाला नाव दिलं कुणावरून? मग फिरून तिथंच ना!"

मिस्टर हॉइट तिच्याकडे बघतच होते. मग अगदी शांतपणे, मायेनं म्हणाले, "दुसरं काहीही ठेव, बाळ. हवं तर क्लीट ठेव. एक आहे तो मी निभावून नेला. दुसऱ्याला ती हाक मी मारणार नाही."

मी डार्वुडकडे बघितलं. तो पुडिंगमधला बिस्किटाचा तुकडा चमच्यानं दाबत होता. त्याच्या मानेवर लाल चट्टा उठला होता. तो उठला आणि मागच्या अंगणात गेला. मार्लिस पोट सावरत त्याच्या मागे गेली. मी भांडी विसळत होते, खिडकी उघडी होती.

"दुसरं ठेव, मार्लिस," तो म्हणाला.

"का?"

"त्याला उगाच त्रास."

"कुणाला? तुम्हाला नाव आवडत नाही का?"

त्यानं टोमॅटोच्या एका रोपाची काठी घट्ट बांधली. मग म्हणाला, "आवडतं. चांगलं आहे. मी ते फारसं वापरलं नाही, एवढंच."

"मग मी वापरते," मार्लिस म्हणाली.

मूल झालं ते तेरा दिवसांनी. लांब बोटांचं, टक्कल पडलेलं, चिडकं मूल. मार्लिसनं ठरवलं होतं तेच नाव लावलं. गॅरेजमधल्या बायकांनी पिवळ्या लोकरीची बस विणून पाठवली, त्यावर "छोटा डार्वुड" असं भरलेलं. माझा नवरा ती बस हातात धरून किती तरी वेळ उलटसुलट बघत होता. तो बाळाला मुद्दाम पूर्ण नावानं, जावयाच्या आडनावासकट, हाक मारायचा, हळू, कुणी ऐकत नाही असं वाटून. "डार्वुड स्टॅमी ब्रुअर, दूध गरम आहे, थांब जरा." मी ऐकायचे. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा तो ते नाव स्वतःच्या तोंडानं उच्चारत होता. आपलं नाव आपण कुठं उच्चारतो?

मिस्टर हॉइटचा बाळावर जीव जडला. हे खोटं नाही. ते तासन्‌तास ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत त्याला छातीवर घेऊन बसायचे. तंबाखूची बाटली मी हिसकावून घेतली तेव्हा भांडले नाहीत. बाळ मांडीवर असताना ओठात काही धरायचे नाहीत. त्याला जुन्या शर्यती सांगायचे, कोण कुणाला कुठल्या वळणावर मागे टाकून गेला. बाळ टक लावून ऐकायचं. आणि हाक? "पोरा." "ए, पोरा." तोच स्वर. मी स्वयंपाकघरात असले की मला क्षणभर कळायचं नाही की ते मुलाशी बोलताहेत की पणतवाशी.

एकदा दोघं समोर होते. माझा नवरा टोमॅटो घेऊन पायऱ्या चढत होता, बाळ म्हाताऱ्याच्या मांडीवर. मिस्टर हॉइट म्हणाले, "ए, पोरा." दोघांनीही मान वळवली. माझा नवरा आणि ते इवलंसं मूल, दोघांनीही! म्हाताऱ्याला केवढं हसू आलं. "बघ, बघ ओर्लीन! लागली सवय!" डार्वुडच्या हातातला एक टोमॅटो पायरीवर पडून फुटला. त्यानं तो उचलला नाही. मीच नंतर पुसला.

मोठ्या शर्यतीचा रविवार आला. त्याच आठवड्यात पिकेटला सन्मानाच्या दालनात बसवलं होतं, त्यामुळे गावात दुसरा विषय नव्हता. शर्यतीआधी आमच्या भागातल्या रेडिओवर एक कार्यक्रम लागतो. लोक घरून फोन करतात आणि निवेदकाशी भांडतात, कुठला ड्रायव्हर मोठा, कुठल्या संघानं खेळाची वाट लावली. मिस्टर हॉइट तिथले जुने फोनवाले. निवेदक त्यांना आवाजावरून ओळखतो.

मी उकडलेल्या अंड्यांत मोहरीचं सारण भरत होते. मार्लिस आत झोपली होती. डार्वुड चुलीपाशी उभा राहून बाळाची बाटली गरम पाण्यात फिरवत होता. खिडकीतला रेडिओ चालू होता, कारण क्लीटकाका जेवायच्या टेबलाशी बसून तो ऐकत होते. आणि मिस्टर हॉइट बाहेर ओसरीवर, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात स्पीकरवर लावलेला फोन.

रेडिओवर आवाज काही क्षण उशिरा येतो. त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकू आलं. आधी ओसरीवरून, मग खिडकीतून.

"हार्मन्स मिल गावचे हॉइट!" निवेदक ओरडला. "काय म्हणता? पिकेट बसला की दालनात! आता तरी माफ केलंत का?"

"मी गिरणीतला माणूस आहे," ओसरीवरून आवाज आला. "आमचा धागा तुटला की तुटला."

क्लीटकाका खुशीत मांडी थोपटत होते. मग रेडिओतून तेच वाक्य आलं आणि त्यांनी परत थोपटली.

"लोकहो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी," निवेदक म्हणाला, "या माणसानं पिकेट चेव्हीत गेला म्हणून स्वतःच्या मुलाचं नाव टाकलं! अजून घेत नाही ना, हॉइट?"

"नाही घेतलं. आणि आता ऐका, घरात दुसरा आलाय. पणतू. त्याचंही नातीनं तेच ठेवलंय."

"अरे देवा! मग आता?"

"आता काय, पहिल्यावर हात बसलाय. दुसरा सोपा जाईल. ए म्हटलं की दोघंही बघतात, कुत्र्याच्या पिल्लांसारखे."

निवेदक हसला. त्याच्यामागे आणखी कुणी हसले. क्लीटकाका तर डोळे पुसत होते. "कुत्र्याच्या पिल्लांसारखे!" ते मला म्हणाले. "ऐकलंस, ओर्लीन?"

आणि मग खिडकीतून ते सगळं पुन्हा आलं. तोच आवाज, रेडिओचा झालेला. पहिल्यावर हात बसलाय. दुसरा सोपा जाईल.

डार्वुडनं दुधाची बाटली पाण्यातून काढली. मनगटावर एक थेंब टाकून बघितला. रेडिओ बंद केला. क्लीटकाका म्हणाले, "अरे, अरे, बातम्या व्हायच्यात अजून," पण त्याचा चेहरा बघून थांबले.

तो ओसरीवर गेला. मी हात पुसत दारात आले. मिस्टर हॉइटनी फोन ठेवला होता आणि त्यांचा चेहरा आनंदानं लाल झाला होता.

"ऐकलंस का, पोरा? तीन जिल्ह्यांत ऐकतात तो कार्यक्रम."

"ऐकलं," डार्वुड म्हणाला. "बाळ द्या."

त्यानं बाळ घेतलं, बाटली त्याच्या तोंडाला लावली. बाळ चुरूचुरू प्यायला लागलं.

"बाबा," तो म्हणाला, "याचं नाव काय?"

"आता काय हे?"

"नाव विचारतोय. तुमच्या पणतवाचं."

मिस्टर हॉइट माझ्याकडे बघून हसले, जणू मी त्यांच्या बाजूची आहे. "चल, जेवायला बसू. भूक लागलीय मला."

"जेवू. आधी नाव."

"अरे, माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे तो. तुला माहितीय. साऱ्या गावाला माहितीय. तुझ्या आईलासुद्धा माहीत होतं, तिनं कधी..."

"आईनं खूप काही केलं नाही," डार्वुड म्हणाला. "मीही नाही केलं."

आवाज चढला नव्हता. मार्लिस जागी होऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. क्लीटकाका टेबलावरून उठले नव्हते, पण त्यांनी अंड्याला हात लावला नव्हता. मिस्टर हॉइटनी तोंड उघडलं. मला खरंच वाटलं की ते म्हणणार. त्यांची जीभ दातांमागे आलेली मला दिसली. मग त्यांनी ओठ मिटले, खिशातून तंबाखूची डबी काढली आणि चिमूट बोटांत धरून, नेम धरल्यासारखी, ओठात सारली.

"पोराचं नाव पोर," ते म्हणाले.

मला शिसारी आली. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. बायको पुरली, गिरणी बंद पडलेली बघितली, टर्की फोर्कच्या ट्रॅकवर झाडं उगवलेली बघितली, आणि जपून ठेवलं ते हे.

डार्वुडनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि आत येऊन टेबलाच्या टोकाशी उभा राहिला. मिस्टर हॉइट मागोमाग आले, आपल्या खुर्चीवर बसले, रुमाल गळ्यात खोचला.

"जेवण झालं की सांगीन म्हणत होतो," डार्वुड बाळाची पाठ थोपटत म्हणाला. "आताच सांगतो. शनिवारपासून बाबा क्लीटकाकांकडे राहतील."

"माझ्याकडे?" क्लीटकाका म्हणाले.

"तुमची मागची खोली रिकामी आहे."

"चेव्हीवाल्याच्या घरात?" मिस्टर हॉइट म्हणाले. त्यांनी आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ओर्लीन, हा काय बोलतोय?"

मी बटाटे वाढले.

"त्यांचा पलंग आणि खुर्ची मी गॅरेजच्या ट्रकमधून सकाळी आठला नेतो," डार्वुड म्हणाला. "गोळ्या ओर्लीन लावून देईल. रविवारी जेवायला दोघांनी यावं. ज्याला या मुलाला नावानं हाक मारायची नाही, तो या घरात राहणार नाही. मार्लिस, मीठ दे."